जुना दोरा

जनजागृती सप्ताहाचे बारा फलक होते आणि त्यांतल्या चुका काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण फुकट राबणारी आणि ऱ्हस्व-दीर्घ कळणारी अशी संस्थेत मी एकटीच. पोटापाण्यासाठी मी एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची प्रूफं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, माझ्या स्वभावाला याहून सोयीची नोकरी सापडली नसती, असं आई म्हणते. सप्ताहासाठी मी आठवडाभर रजा टाकली होती.

संस्था खाण्याच्या आजारांवर काम करते. ज्यांना खाता येत नाही, खाल्लेलं सहन होत नाही किंवा खायला लागलं की थांबता येत नाही, अशा माणसांसाठी. बाहेर बहुतेकांना ही थेरं वाटतात. मी आजारी होते तेव्हा नात्यातल्या एका शहाण्याने आईला सल्ला दिला होता, 'दोन ठेवून द्या, मुकाट्याने जेवेल.' अशा शहाण्यांसाठी वर्षातून एकदा हा सप्ताह असतो. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं कार्यालय. आतल्या खोलीत मंगळवारी पालक गोल करून बसतात, मी आजारी असताना आईही बसायची; बाहेरच्या खोलीत गुरुवारी आम्ही. सप्ताहासाठी आणलेल्या खुर्च्या जिन्यात रचल्या होत्या आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना एकदा तरी अडखळत होता.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक काचेची पेटी ठेवली होती आणि तिच्यात माझी राखाडी पँट. शनिवारी समारोपाला मी बोलणार होते आणि ती पँट दाखवणार होते. तिची गोष्ट आधी सांगायला हवी.

पाच वर्षांपूर्वी आजार भरात असताना डॉक्टरांनी घरातला वजनकाटा काढून टाकायला लावला. दवाखान्यातही ते मला पाठमोरी उभी करत आणि आकडा सांगत नसत. पण चोराला वाट सापडतेच. काट्याऐवजी मी ही पँट धरली. गल्लीच्या तोंडाशी आईचं शिवणाचं दुकान आहे, माझे सगळे कपडे तीच शिवते, ही पँटही तिच्याच हातची. बाकीचे कपडे ढगळ, ही एकच बेताची. रोज सकाळी मी ती घालायची. हूक सहज लागला तर त्या दिवशी जेवायचं, ओढून लावावा लागला तर नाही. आरशावर माझा विश्वास नव्हता, माणसांवर तर नव्हताच.

आईने आधी आकांडतांडव केलं. कात्री घेऊन आली, 'तुकडेच करते मेलीचे' म्हणाली. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले. असं आठवडाभर चाललं. मग एक दिवस तिने कात्री खाली ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, 'बसली तर जेवशील? शब्द दे.' मी शब्द दिला. मला वाटलं, आली एकदाची वठणीवर.

आणि पँट बसली. रोज बसली. मी चार घास जास्त खाल्ले, बसली. डॉक्टरांच्या तक्त्यातलं सगळं खाल्लं, तरी बसली. 'तब्येत सुधारली हो,' असं कोणी म्हटलं की मला वाटायचं, लोक भीड म्हणून बोलतात; पँट काय भीड बाळगणार? सात महिन्यांनी एका सकाळी कामाला उशीर होत होता म्हणून मी ती घातलीच नाही, तशीच जेवून पळाले आणि दुपारी माझ्या ते लक्षात आलं. हळूहळू सवय सुटली. त्या सात महिन्यांत मला एक गोष्ट पक्की कळली, की भीती खोटी असते. खा, काही होत नाही. पुढची सगळी वर्षं मी या एका वाक्यावर जेवले. शनिवारच्या भाषणात तेच सांगणार होते.

आता सिस्टर. संस्थेत बऱ्या झालेल्या माणसाला एक नवं माणूस सोबतीला देतात. सोमवारी फोन करायचा, विचारपूस करायची. माझ्या वाट्याला एक नर्स आली. सगळे तिला सिस्टरच म्हणतात, मीही. चाळिशीला टेकलेली, वॉर्डातल्या तीस जणांना वेळेवर जेवायला लावणारी आणि स्वतः ताटापुढे बसली की घामाघूम होणारी. पहिले दोन महिने ती फोनवर नुसतं हं-हं करायची. मग मी तिला माझा पँटचा उपाय दिला. दिल्याचं मात्र संस्थेत कोणाला कळू दिलं नाही, कारण 'मोजमाप अजिबात नको' हा तिथला पहिला धडा.

'सिस्टर, बेताचा बसतो असा एक कपडा निवडा,' मी म्हटलं. 'तक्त्याप्रमाणे जेवा आणि रोज तो घालून बघा. सुतभरही फरक पडणार नाही. मी करून बघितलंय.'

तिने निळा स्कर्ट निवडला. जेवायला लागली. फोनवर हसायलाही लागली. सप्ताहाच्या तीन आठवडे आधी मात्र ती म्हणाली, 'अगं, स्कर्ट घट्ट होतोय मला. चेन वर जाईना.'

'शक्यच नाही,' मी म्हटलं. मग प्रूफात चूक सापडल्यावर माझा जो आवाज लागतो त्या आवाजात मी म्हणाले, 'सिस्टर, खरं सांगा. कुठेतरी तुमचं चुकतंय. माझी पँट सात महिन्यांत दोराभर हलली नाही. तुम्ही तक्ता नीट पाळत नाही आहात.'

'बघते,' ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने माझा एकही फोन उचलला नाही, गुरुवारी गोलातही आली नाही. मला तिचा रागच आला होता. आपण जीव तोडून सांगावं आणि समोरच्याने तोंडावर खोटं बोलावं!

बुधवारी सकाळी मी शनिवारी हॉलमध्ये लावायच्या फलकांचे कागद तपासायला घेतले. सहा झाले. सातव्यावर मथळा होता, 'एका आईची युक्ती'. खाली मजकूर होता तो असा:

'माझी मुलगी रोज एक फ्रॉक घालून बघायची. तो घट्ट झाला असता तर तिने जेवण सोडलं असतं. म्हणून ती बाहेर गेली की मी मागची शीवण उसवायची आणि सुतभर सैल करून पुन्हा घालायची. असं कित्येक महिने केलं. तिला कळलं नाही. दोरा मात्र नेहमी जुना घेतला. नवा दोरा चुगली करतो.'

मी 'शीवण'ची दुसरी वेलांटी पहिली केली. हाताची सवय. मग पुन्हा शेवटची ओळ वाचली.

शिवणकाम येणाऱ्या आया जगात लाखो असतील. पण 'नवा दोरा चुगली करतो' हे माझ्या आईशिवाय कोणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. जुन्या कपड्यावर नवा दोरा चमकतो आणि इथे दुरुस्ती झाली आहे हे लांबूनही दिसतं, म्हणून ती उसवलेले विटके दोरे टाकत नाही, रिकाम्या रिळांवर गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवते. लहानपणी ती रिळं रंगाप्रमाणे लावायचं काम माझं असायचं.

पेटीची किल्ली टेबलाच्या खणात होती. मी पँट काढली आणि उलटी केली. शिंप्याच्या मुलीला शिवण वाचता येते, त्याला शाळा लागत नाही. शिवणीच्या आत जादा कापड राखतात त्याला धंद्यात माया म्हणतात. त्यावरून गिऱ्हाइकं करतात ते सगळे विनोद मी ऐकलेले आहेत, तेव्हा ते राहू दे. या पँटच्या मागच्या शिवणीत मायेचं कापड जवळजवळ उरलंच नव्हतं. चालू शिवणीच्या शेजारी सुईच्या बारीक भोकांची एक ओळ होती. तिच्या शेजारी आणखी एक. मग आणखी. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून भोकं बुजवलेली, पण उजेडाकडे धरल्यावर दिसत होती. मी बोटाने मोजल्या. अकरा.

मी खाली बसले. खुर्ची नव्हती, सगळ्या जिन्यात होत्या, जमिनीवरच बसले. पाच वर्षं ज्या एका गोष्टीवर उभी होते ती आईने माझ्यामागे उसवून पुन्हा शिवलेली होती, अकरा वेळा.

बाई आल्या तेव्हा मी तशीच बसले होते. बाई म्हणजे आमच्या संयोजक. सप्ताहही त्यांचा आणि पालकांचा गोलही त्यांचाच. बोलतात साखर पेरून. माझ्या मांडीवरची उलटी पँट आणि हातातला सातवा फलक बघून त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढला आणि पुसायला लागल्या.

'मला वाटलं, एव्हाना आईने सांगितलं असेल तुला,' त्या म्हणाल्या.

'तुम्हाला माहीत होतं? आणि माझं भाषणही तुम्हीच वाचलंत?'

'अगं, दोन्ही आपापल्या जागी खरंच आहे की. आणि नाव कुठे घातलंय? पँटचा फ्रॉकसुद्धा केला मी.'

'आईला विचारलंत?'

'किती आयांना धीर येईल याचा विचार कर.'

म्हणजे विचारलं नव्हतं. आतल्या खोलीच्या भिंतीवर पाटी आहे, 'इथलं इथेच'. गोलात बोललेलं बाहेर जात नाही, हा नियम. त्या पाटीचं प्रूफही मीच तपासलं होतं. मी लाल पेनाने सातव्या फलकावर काट मारली, समासात 'गाळावे' असं लिहिलं, तो कागद आणि पँट पिशवीत कोंबली आणि निघाले.

'शनिवारच्या तुझ्या भाषणाची पत्रकं वाटून झाली आहेत हं!' बाई मागून म्हणाल्या. जिन्यात मीही खुर्च्यांना अडखळले.

दुकानात आईच्या तोंडात टाचण्या होत्या. स्टुलावर एक आजोबा कोट घालून उभे होते आणि ती त्यांची बाही टाचत होती. मी पँट उलटी करून तिच्या मशीनवर टाकली. तिने ती पाहिली. मग एकेक टाचणी तोंडातून काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचली, सगळ्या, सावकाश. आजोबांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं, 'मी नंतर येतो' म्हणाले आणि एक बाही टाचलेली तशी घेऊन चालू लागले.

'अकरा वेळा,' मी म्हणाले.

'तेरा,' आई म्हणाली. 'दोनदा बाजूच्या शिवणीत.'

मी फलकाचा कागद तिच्यापुढे धरला. ती ओठ हलवत वाचते. शेवटी आली तेव्हा ओठ थांबले.

'फ्रॉक कुठून आला?' तिने विचारलं. मग खुर्चीवर बसली. 'गोलात बोलले होते मी हे. एकदाच. बाई म्हणाल्या होत्या, मोकळ्या व्हा, इथून बाहेर जाणार नाही. मला कोणाला तरी सांगायचं होतं गं. रोज तुझ्यापुढे खोटं वागून माझंच अन्न गोड लागेना झालं होतं. आणि त्यांनी ते फलकावर घातलं?'

तिचा केसाने गळा कापला होता हे मला दिसत होतं. पण माझा तिने कापला होता, आणि माझी जखम आधीची होती.

'मला का नाही सांगितलंस? तेव्हा नाही, ते समजलं. पण नंतर? इतकी वर्षं?'

'तू ज्याला-त्याला सांगत होतीस, बघा, जेवले तरी बसली. किती खुश असायचीस. कुठल्या तोंडाने सांगणार होते?'

'मी शब्द दिला होता तुला!'

'जेवायचा. तो तू पाळलास.' ती पँटवरून हात फिरवत होती, जणू इस्त्री करायची आहे. 'उसवणार नाही असा शब्द मी दिला नव्हता.'

'वकिली करू नकोस, आई. मी विश्वास ठेवला होता.'

'कोणावर?' आता तिचाही आवाज चढला. 'माझ्यावर? माझ्या हातचं पाणी तू संशयाने प्यायचीस तेव्हा. मी सांगितलेलं काही खरं वाटायचं का तुला? डॉक्टरांचं वाटायचं? विश्वास होता तो या फडक्यावर. मग मी फडक्याला हात घातला. दुसरं काय येतं मला?'

मग ती खालच्या आवाजात म्हणाली, 'कापड संपत आलं होतं. आणखी एकदाच सैल करता आली असती. रोज सकाळी छातीत धडधडायचं. तू घालायला विसरलीस ना, त्या दिवशी मी इथे दुकान बंद करून रडले.'

माझं मन द्रवायला हवं होतं. नाही द्रवलं. मला दुसरंच आठवत होतं. त्या सात महिन्यांत रोज सकाळी मी आतून ओरडायची, 'आई, बसली गं!' आणि ती स्वयंपाकघरातून म्हणायची, 'अगं बाई, खरंच?' रोज. इतक्या नवलाने. त्या 'खरंच?'साठी मी सकाळची वाट बघायची. दोन-दोनदा ओरडायची, तिला आनंद होतो म्हणून.

'जेवलीस का?' मी निघाले तेव्हा तिने विचारलं. मी वेगळी राहते, पण डबा रोज सकाळी दुकानातून घेते. त्या दिवसाचा डबा पिशवीत तसाच जड होता.

'तुझा काय संबंध?' मी म्हटलं आणि डबा तिच्या मशीनवर ठेवला, पँटशेजारी. 'या दुकानाची पायरी मी पुन्हा चढायची नाही.'

त्या दिवशी मी जेवले नाही. रागाने की आजाराने, सांगता येणार नाही; माझ्या डोक्यात दोघांचा आवाज सारखाच आहे. पँट खोटी होती, म्हणजे भीती खरी होती. इतकं सरळ गणित. खोलीवर पडल्या-पडल्या मी ते पुन्हा पुन्हा मांडत होते आणि उत्तर तेच येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पिताना मला सिस्टरचा निळा स्कर्ट आठवला आणि मी पेला खाली ठेवला. तिचा स्कर्ट कोणी उसवत नव्हतं. तक्त्याप्रमाणे जेवणारं माणूस भरतं, कपडा घट्ट होतो, व्हायलाच हवा. सिस्टर खरं बोलत होती. आणि मी, पडताळा पाहिल्याच्या तोऱ्यात, तिला खोटारडी ठरवलं होतं.

सिस्टर रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत राहते. तिसरा मजला, लांबलचक बोळ, दोरीवर वाळत घातलेले पांढरे गणवेश. दार उघडायला तिने वेळ लावला. शेवटी उघडलं. तीन आठवड्यांत ती रोडावली होती. मनगटातलं घड्याळ कोपराकडे सरकत होतं.

'फोन उचलत नाही म्हणून घरी आलीस?' ती म्हणाली. आत ये म्हणाली नाही.

मी बोळातच सगळं सांगितलं. पँट, आई, तेरा वेळा, जुना दोरा. मध्ये थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. तिने दाराची कडी हातात धरून ऐकलं.

'म्हणजे माझा स्कर्ट घट्ट झाला ते...'

'बरोबर होतं. तुमचं सगळं बरोबर चाललं होतं, सिस्टर. चूक माझी होती.'

'तीन आठवडे,' ती म्हणाली, 'तीन आठवडे मी माझी चूक दुरुस्त करतेय.'

आईने मला जे केलं होतं म्हणून काल मी आरडाओरडा केला, तेच मी हिला केलं होतं. फरक एवढाच की आईला माहीत होतं. आणि आईच्या लबाडीने मी जेवले होते, माझ्या खरेपणाने ही उपाशी राहिली होती. मी रडायला लागले. बोळातून एक वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत गेला, त्याने मान वळवून बघितलं.

सिस्टर रडली नाही. तिची नजर बदलली, वॉर्डात असते तशी झाली. 'तू कधी जेवलीस?' तिने विचारलं. मी खांदे उडवले. 'खांदे काय उडवतेस? काल?'

'परवा.'

'आत ये.'

टेबलावर कँटीनचं ताट झाकून ठेवलेलं होतं. तिचंच, हात न लावलेलं. भात, उकडलेलं अंडं, भाजी. तिने त्याचे दोन भाग केले, अगदी औषध मोजावं तसे. 'आधी तू,' ती म्हणाली. 'मी बघते.'

'नाही. दोघी बरोबरच.'

'मला तुझा भरवसा नाही.'

'मलाही नाही,' मी म्हटलं.

आम्ही दोघी एकमेकींवर पहारा ठेवून जेवलो. त्यात प्रेमबीम काही नव्हतं. तिने एक घास घेतला की मी एक घ्यायची, आणि गिळल्याशिवाय कोणी दुसरीवरची नजर काढत नव्हतं. पाऊण तास लागला. भात गार झाला होता आणि मला इतकी भूक लागली होती की लाज वाटली.

ताट धुऊन झाल्यावर ती कपाटाकडे गेली आणि निळा स्कर्ट घेऊन आली. मला वाटलं, फेकून मारणार. तिने तो माझ्या मांडीवर ठेवला.

'हा तुझ्या आईकडे दे. सैल करून आण.'

'सिस्टर, मी तिच्याशी बोलत नाही.'

'तो तुमचा प्रश्न. मला शिंपी माहीत नाही दुसरी.' ती उभीच होती. 'आज बसेल मला हा. मला माहीत आहे. पण पुढच्या महिन्यात बसणार नाही, असं तूच म्हणतेस ना? मग आधीच सैल कर. चोरून नको. मी सांगितलंय म्हणून.'

शुक्रवारी सकाळी मी दुकानाची पायरी चढले. दोनच दिवसांत. माझ्या शब्दाची ही किंमत. आई मशीनवर होती. मला बघून तिने पायडल थांबवलं, पण उठली नाही. मशीनशेजारी माझी पँट घडी करून ठेवली होती आणि तिच्यावर डबा. घासून ठेवलेला की नव्याने भरलेला, बाहेरून कळत नव्हतं.

'गिऱ्हाइकाचं काम आहे,' मी म्हटलं आणि स्कर्ट काउंटरवर ठेवला. मी काउंटरच्या बाहेर उभी होते, बाकीचे उभे राहतात तिथे.

तिने स्कर्ट उलटा केला, शिवण चाचपली, आतलं कापड बोटांत धरून बघितलं. 'सैल करायचा? किती? माप?'

'माप घ्यायचं नाही. जेवढं निघेल तेवढं सोड. तिला माहीत आहे.'

आईने वर बघितलं. 'माहीत आहे?'

'तिनेच सांगितलंय.'

आईने उसवायची सुई घेतली आणि एकेक टाका काढायला लागली.

'उद्या बोलणार आहेस?' तिने मान न उचलता विचारलं.

'हो. पँट उलटी करून दाखवणार आहे. आतली बाजू.'

'मग लोक मला काय म्हणतील?'

'मला नाही माहीत. मला काय म्हणतील तेही नाही माहीत.'

'मी आलेलं चालेल?'

'हॉल सगळ्यांना उघडा आहे,' मी म्हटलं. याहून गोड मला बोलता आलं नाही, आणि खोटं गोड बोलायची मला त्या घडीला किळस होती. तिने मान हलवली. मी पँट घेतली. डबा उचलला, भरलेला होता. तो पिशवीत ठेवताना तिने बघितलं आणि लगेच नजर खाली वळवली.

शिवण उसवून झाली. आईने स्कर्ट मशीनखाली सरकवला, खाली वाकली आणि बिस्किटांचा डबा काढला. झाकण उघडून विटक्या निळ्या दोऱ्याचं रीळ शोधायला लागली.

'ते नको,' मी म्हटलं.

'अगं, हा रंग जुना झालाय. नवा दोरा—'

'नवाच घाल,' मी म्हटलं. 'करू दे त्याला चुगली.'